विसाव्या लीजनचे मोजे

इंग्लंडमधल्या चेस्टरच्या रोमन अवशेषांपाशी तो गोरा म्हातारा भेटला. अंगावर लोखंडी चिलखत, हातात ढाल, गाल थंडीनं लाल. रोमन सैन्याच्या विसाव्या लीजनचा इतिहास तो टुरिस्टांना सांगत होता, पण कालच घडल्यासारखा. "आम्ही समुद्र ओलांडून आलो. इथला किल्ला आम्ही बांधला. उत्तरेतली भिंत बांधायलाही आम्हीच गेलो!" दर वाक्याला ढालीवर टकटक करायचा.

माझे बाबा नागपूरहून आलेले, सँडलमध्ये जाड लोकरी मोजे घालून ऐकत होते. माझी लेक सकाळपासून कुरकुरत होती, "आजोबा, सॉक्स काढा ना, सो एम्बॅरसिंग!" शेवटी बाबा खरंच वाकून मोजे काढायला लागले.

ढालीवर जोरात टकटक झाली. "थांबा, काढू नका!" म्हाताऱ्यानं स्वतःचा पाय पुढे केला. चामडी पट्ट्यांमधून लोकरी मोजे डोकावत होते. "आमच्यातले कितीतरी उन्हाच्या देशातले. इथली थंडी बघितली आणि आम्हीही हेच केलं."

लेक खळखळून हसली. बाबांनी मोजे वर ओढले आणि त्याला कडक सॅल्यूट ठोकला. त्याचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

परतताना कारमधून बाबांनी नागपूरला मित्राला फोन लावला. "अबे, आज इथला किल्ला पाहिला. आम्हीच बांधलाय तो!"