सड्यावरचं केसाळ कंदीलफूल

वनस्पतीशास्त्रातल्या माणसाला वाटतं, आपण फिल्डवरून नमुने आणतो. खरं तर नमुने येतात मूठभर आणि किस्से पोतंभर! नमुने निदान दाबून वाळवता येतात. किस्से मात्र चहा आला की टवटवीत होतात.

आमची टोळी साताऱ्यातल्या एका कॉलेजची. कदम सर विभागप्रमुख. रेश्मा मेटकरी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. जीप चालवायला फलटणचे शिंदे मामा, आर्मीतून रिटायर झालेले. आणि फोटो काढायला मी. पाटणकडच्या एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, रेश्माला खरपुडीच्या घराण्यातलं एक रोप दिसलं. तेच कंदिलासारखं फूल, खाली तसाच औषधी कंद, पण फुलाच्या आत लांब जांभळे केस. असं फूल आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं!

०

त्या दिवशी रेश्मा चिखलात पालथी पडून भिंगातून बघत होती. लांबून एका म्हातारबांनी पाहिलं आणि बोंब ठोकली, "आवं, पोरगी चक्कर यून पडली! कांदा आणा, कांदा!"

खालच्या शेतातल्या बायका धावत वर आल्या. रेश्मा मानसुद्धा न उचलता म्हणाली, "हलू नगासा. फूल हाय."

म्हातारबांनी वाकून फूल बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. "कांदा नगं. ह्यो आजार येगळा हाय!"

०

सगळ्या सड्यावर मिळून रोपं ओंजळभर. गुरं शिरली की खेळ खलास. शिंदे मामा म्हणाले, "बंदोबस्त माझ्याकडं!"

पुढच्या खेपेला बघतो तर रोपांभोवती दगडांचं कडं आणि पाटी: "पुढे सुरुंग आहेत." पोलीस पाटील आमची वाटच बघत होते!

कदम सरांना घाम फुटला. "अहो मामा, गुरांना वाचता येतं का?"

मामा सावधानमध्ये उभे. "गुराख्याला येतंय की, सर!"

पाटलांनी पाटी उपटायला लावली आणि दुसरी स्वतःच लिहून दिली: "इथे नाग आहे." मामांना म्हणाले, "सुरुंगाला कोण भितंय हितं?"

०

औषधी कंद सापडलाय, ही बातमी गावोगाव पोचली. कडेगावला एका लग्नात एका आजोबांनी कदम सरांना गाठलं. "आवं सर, त्यो कंद गुडघ्याला चालतोय व्हय?"

सर म्हणाले, "आजोबा, तो शोधायला डोंगर चढलो, तेव्हापासून माझाच गुडघा धरलाय!"

आजोबांनी खिशातून मलमाची डबी काढून सरांच्या हातावर ठेवली. "मग ह्ये लावा. लय गुण येतोय!"

०

आम्ही पाठवलेला शोधनिबंध परत आला. परीक्षकांचा शेरा: शेंगा दाखवा, त्याशिवाय नवी जात मानणार नाही! शेंगांसाठी पुन्हा सड्यावर गेलो, तर कुणीतरी गवताला लावलेला वणवा सगळीकडं फिरून गेलेला. दगडांचं कडं तेवढं उरलं होतं, आत नुसती राख.

कदम सर एका दगडावर बसले ते उठेचनात. रेश्मानं ओठ दाबून खुरप्यानं हळूहळू माती उकरली.

"सर... कंद जिता हाय!"

सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "धूर फार आहे इथं."

वणवा कधीच विझला होता!

०

पुढच्या पावसाळ्यात रोपं उगवली, फुलली, शेंगा धरल्या. नवी जात मंजूर झाली. आम्ही सगळे पेढे घेऊन आटपाडीला रेश्माच्या घरी गेलो. नेमके त्याच दुपारी पाहुणे तिला बघायला येणार होते. घरात गडबड, आणि रेश्माचं तोंड एवढंसं.

तिचे वडील, आबा, अर्धं आयुष्य मेंढरांमागं फिरलेले. त्यांनी विचारलं, "झाड घावलं, बेस झालं. पर तुला काय मिळालं?"

"आबा, ज्यानं झाड जगापुढं मांडलं, त्याचं आडनाव झाडाच्या नावामागं लागतंय. कुठल्याबी देशात छापू द्या, नावामागं मेटकरी असणार."

"मेटकरी? आपलं?"

"व्हय."

आबा हळूच म्हणाले, "आन् तुझं लगीन झाल्यावर? बदलतंय?"

"न्हाई आबा. कवाच न्हाई."

आबांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन रेश्माच्या आईला म्हणाले, "पोहं भिजवू नगं गं. पावण्यास्नी मी फोन लावतो."