जाळीतलं खरकटं

मला किळस फार लवकर येते, आणि बरीच वर्षं मी ती मिरवली. दुधावरची साय, कुणाच्या मिशीला लागलेलं ताक, बाग सेवनियातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. नातेवाईक कौतुकानं म्हणत, याला स्वच्छता लागते. खोटं आहे. मला स्वच्छता आयती लागायची.

जेवण झालं की मी ताटातच हात धुवून उठायचो. भाताची शितं, आमटीतला कढीपत्ता, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा आणि वर ते हात धुतलेलं पाणी. ते ताट बायको उचलायची. कामवालीनं काम सोडल्यापासून भांडीही तीच घासायची. तिच्या बोटांना आधी भेगा पडल्या, मग त्यांतून पाणी यायला लागलं. एका रविवारी ती कणीक मळत होती. मी ते हात पाहिले. म्हणालो, "शी! या हातांनी नको करू पोळ्या."

पोळ्या बाहेरून यायला लागल्या, आणि त्या दिवसापासून ती माझ्यासोबत जेवायला बसेनाशी झाली. मला वाढून झालं की आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात ओट्याशी स्टुलावर बसायची. समोरची खुर्ची रिकामी. आणि मी खुशाल जेवत होतो, हे लिहितानाही स्वतःची घाण वाटते.

अशोका गार्डनमधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि प्रश्न मला विचारला, "बर्तन कौन धोता है घर में? साबुन-पानी से हाथ दूर रखिए इनके. दवा से ज़्यादा वही काम करेगा." म्हणजे ज्या हातांची मला शिसारी आली, ते माझ्याच खरकट्यानं तसे झाले होते.

त्या संध्याकाळी मी स्वतःचं ताट सिंकपर्यंत नेलं. बस, एवढंच. मग ताटात हात धुणं सोडलं. मग भांडी. भांडी काय, मान फिरवूनही घासता येतात. जाळीचं तसं नाही. सिंकच्या भोकावरच्या त्या स्टीलच्या जाळीत फुगलेली शितं, चहाचा चोथा, एखादा केस, आणि खाली ते बुळबुळीत काहीतरी. पहिल्या दिवशी मला चक्क ओकारी आली. गंमत म्हणजे गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात मशीन थंड ठेवणाऱ्या सडक्या कूलंटमध्ये मी कोपरापर्यंत हात घालतो, नाक न मुरडता. तिथे चार लोक साहेब म्हणतात ना! माझी किळससुद्धा लबाड होती, जागा पाहून यायची.

रोज जाळी काढत गेलो. किळस काही गेली नाही, आजही येते. ती आली तरी हात थांबत नाही, एवढं मात्र शिकलो, तेही पन्नाशीत.

तीनेक महिन्यांनी तिची बोटं सुधारली. माझी छाती फुगली. जेवताना समोरची खुर्ची ओढून मी स्वयंपाकघराकडे पाहत म्हणालो, "हात छान झाले की गं तुझे. ये आता टेबलावर. आणि उद्यापासून पोळ्याही घरीच कर."

तिनं स्टुलावरूनच विचारलं, "हात बरे झाले म्हणून बोलावताय? आणि परत फुटले तर?"

तीन महिने भांडी घासून मी त्या रविवारचं ते वाक्य परस्पर पुसायला निघालो होतो. माफी अशी मागितलीच नव्हती. उठून दारात गेलो आणि म्हणालो, "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं मी."

"हं," ती म्हणाली, आणि जेवत राहिली. स्टुलावरच.