भोंगा नसलेला डाव

चाचांनी मला ब्लॉक केलं तेव्हा मी शेंद्र्याहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. आधी वाटलं, नेट गेलं. शेजारच्याच्या मोबाईलवर बघितलं, तर चाचा ऑनलाइन, दुसऱ्याच कुणाशी तरी बुद्धिबळ खेळत बसलेले. मी हबकलोच. लेथ मशीन ज्यानं शिकवली, त्या माणसानं मला दार लावलं होतं, आणि का, ते मला ठाऊक नव्हतं.

बुद्धिबळही त्यांनीच शिकवलं, जेवणाच्या सुट्टीत. डबा उरकून जेमतेम वीस मिनिटं मिळायची. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की ज्याची बाजू पडती, त्यानं आपला राजा आडवा करायचा आणि मशीनवर जायचं. हुज्जत नाय. पडती बाजू बहुतेक माझीच. चाचा रिटायर झाल्यावर आम्ही मोबाईलवर खेळू लागलो. तिथं भोंगा नव्हता, पण माझी सवय जाते कुठं! चाचांनी एखादी विचित्र चाल केली की मी धास्तावायचो. वाटायचं, म्हातारा काहीतरी लई खोल शिजवतोय. की दाबलंच डाव सोडायचं बटण.

रविवारी छावणीत त्यांच्या घरी गेलो. चाचींनी चहा ठेवला. चाचांनी मोबाईल पुढं सरकवला. आमचे जुने डाव एकेक करून दाखवू लागले. एका डावात त्यांचा वजीर माझ्या घोड्याच्या तोंडात फुकट उभा. मी डाव सोडलेला. दुसऱ्यात तर माझ्या एका चालीत त्यांच्यावर मात. तोही सोडलेला. यातलं काहीच मला दिसलं नव्हतं.

"तरस खाया ना तू मेरे पे?" चाचा म्हणाले.

कसली कीव, मला कळेना. तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला. हात थरथरत होता. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा तो हात! अंगठा भलत्याच घरावर पडायचा, मोहरं भलतीकडं जायचं. त्या विचित्र चाली म्हणजे हे होतं. आणि चाचांना वाटलं, मला कंपनीत कुणीतरी हाताचं सांगितलं असणार, म्हणून मी आजारी माणसाला जिंकू देतोय.

कुणी कानफटात मारावी तसं झालं. मी शपथा घेतल्या. म्हणालो, "चाचा, मला खरंच दिसलं नाय. मी तुम्हाला भ्यालो."

"इतना बेवकूफ नहीं तू. मैंने सिखाया तेरे को."

त्यांनी कपाटातून जुना पट काढला. अर्ध्या डावात त्यांचा हात हलला आणि वजीर नेमका माझ्या उंटाच्या माऱ्यात टेकला. आमच्यात मोहऱ्यावरून हात सुटला की चाल झाली. चाचा पटाकडं नाही, माझ्याकडं बघत होते. वजीर सोडला तर कीव, मारला तर थरथरत्या हाताची चोरी. मी मारला.

आता राजा आडवा करतील असं वाटलं. छे! ते मांडी घालून नीट बसले. थोड्या वेळानं त्यांनी हत्ती उगाच एका कोपऱ्यात नेला आणि मला पुन्हा तीच धास्ती. वजीर माझ्याकडं असून माझा हात राजा आडवा करायला गेला. चाचांनी मनगट धरलं. "बैठ," म्हणाले.

बसलो. अगदी डोळे फाडून खेळलो. चहावर साय धरली. आणि तोच हत्ती सरळ माझ्या शेवटच्या ओळीत येऊन बसला. माझा राजा माझ्याच प्याद्यांमागं कोंडलेला. मात.

मी मुद्दाम हरलो का, हे ते कितीतरी वेळ माझ्या तोंडावर शोधत राहिले. मला दरदरून घाम फुटला होता, पटावरून नजर हलत नव्हती.

"या अल्लाह," चाचा हळूच म्हणाले. "सच में नहीं दिखता तेरे को."

मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. ब्लॉक काढायच्या बटणावर त्यांचा अंगठा बसत नव्हता. ते मी काढलं.