नामाकाकांचा उडी मारणारा पक्षी

माळावर एकदा जाऊन या, घरी आल्यावर दोन दिवस सॉक्समधून कुसळं निघत राहतात. आमच्या ग्रुपच्या किश्श्यांचंही तसंच आहे. एक काढावा तर दुसरा टोचतो!

ग्रुप म्हणजे जालना एमआयडीसीतल्या बियाणे प्लांटची मंडळी. मी लॅबमध्ये बी उगवतं का ते तपासते. सोपान शेतावरचे प्लॉट पाहतो, मॅनेजरसाहेबांकडे कॅमेरा आहे, आणि नामाकाका टेम्पो चालवतात. सुट्टीला परतूरच्या बाजूच्या राखीव माळावर जायचं वेड काकांचंच. लहानपणी मेंढरांमागं फिरताना त्यांनी तिथं तणमोर हा गवतात राहणारा दुर्मीळ पक्षी पाहिला होता.

"गवतातून माणसाच्या डोक्याइतका उंच उडी मारतो," काका सांगायचे.

"काका, बेडूक असंल!" सोपान म्हणायचा आणि सगळं कॅन्टीन हसायचं. काकाही हसायचे, पण डबा लवकर बंद करायचे. येत्या दिवाळीला ते रिटायर होणार.

*

सोपानचं काम भेसळ काढायचं. प्लॉटमध्ये वेगळं झाड दिसलं की उपटायचं. पहिल्याच ट्रिपला गुडघाभर गवतात निळा केना आणि गुलाबी कुर्डू नुसता पसरला होता. शेतात ज्याला आपण शिव्या देतो ते तण इतकं देखणं असतं, हे मला तेव्हा कळलं. मागं वळून पाहते तर सोपानच्या मुठीत जुडी!

"काय करून राह्यले भाऊ?" माळाच्या गार्ड मुक्ताताई ओरडल्या.

"भेसळ काढतोय," सोपान सवयीनं बोलून गेला.

"इथं समदी भेसळच हाय. तिच्यासाठीच तर राखण करते मी!"

*

मॅनेजरसाहेब प्लांटमध्ये मिनिटभर एका जागी थांबत नाहीत. एकदा माळावर मुक्ताताई म्हणाल्या, "साहेब, पाय खाली ठेवू नका!" बुटाखाली वीतभरावर चंडोलाचं घरटं होतं, आत ठिपक्यांची तीन अंडी. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. साहेब एका पायावर!

"मंग ठेवू कुठं?" साहेब कुजबुजले.

"माघारी ठेवा," काका म्हणाले. "बगळा मात्र बराबर दिसून राह्यला!"

*

यंदाच्या पावसाळ्यातली गोष्ट. काकांची नोकरीतली ही शेवटची ट्रिप. सकाळपासून काही दिसलं नव्हतं. तेवढ्यात गवतातून 'टर्र' असा आवाज आला.

"घ्या काका, बेडूक!" सोपान म्हणाला.

आणि बेडूक उडाला! काळाभोर पक्षी, पंखांवर पांढरा पट्टा, डोक्यामागं तुरे. सरळ वर, डोक्याइतका उंच, क्षणभर हवेत आणि खाली गवतात गडप. पुन्हा टर्र, पुन्हा उडी. माझ्या अंगावर काटा आला. साहेबांचा कॅमेरा गळ्यातच राहिला. सोपानचं तोंड उघडंच, आणि डोळ्यांत पाणी.

मी वळून म्हटलं, "काका, पाह्यला का?"

काका पक्ष्याकडं पाठ करून उभे होते. आमच्याकडं पाहत.

"त्याला पाह्यलाय मी," ते म्हणाले. "मला तुमची तोंडं पाहायची व्हती!"