नावं ठेवा म्हणणाऱ्या बाई

माननीय विमल भालेराव बाईंची आणि माझी पहिली भेट पेठच्या फाट्यावर झाली. मी शाळा सोडून चाललो होतो आणि त्या शाळेकडे निघाल्या होत्या.

सातवी कशीबशी झाली होती. भोसरीला कामाला जायचं म्हणून पिशवी घेऊन मी गाडीची वाट बघत होतो. एसटीतून बाई उतरल्या. आमच्या वाडीचा रस्ता त्यांनी विचारला.

"तिकडं काय नाय बाई. नुस्ती शाळा हाय."

"मला तीच पाहिजे. चल, दाखव."

आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवायला केंद्रप्रमुख म्हणून त्या नव्यानंच आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. शाळा सोडणाऱ्या पोराला मोठी माणसं जे सांगतात, त्यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. "तुमच्या शाळेत काय काय आहे?" एवढंच विचारलं. मला सांगता येईना.

"इतकी वर्षं बसलास आणि शाळेत काय आहे ते ठाऊक नाही?"

"आमाला कोण दावतंय? कपाटाला कुलूप असतंय."

शाळेत पोचल्यावर त्यांनी पहिल्यांदा कपाट उघडायला लावलं. आत नकाशे होते, गुंडाळलेलेच. व्हॉलीबॉल होता, प्लास्टिकच्या पिशवीतला. तराजू होता. गुरुजी म्हणाले, "तपासणीला दाखवायला लागतंय बाई. पोरं खराब करत्यात."

"मग आणलं कुणासाठी?" बाई म्हणाल्या. मी तेवढ्यात सटकलो आणि भोसरीची गाडी पकडली. पण तो व्हॉलीबॉल माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला बाईंनी नवीच रीत सुरू केली. झेंडावंदन झालं की शाळेनं वर्षभरात सरकारी पैशातून घेतलेली प्रत्येक वस्तू ओट्यावर मांडायची. लग्नात नवरीकडचे रुखवत मांडतात तशी. समोर फरशीवर खडूनं किंमत लिहायची. पातेली, बादल्या, काळे फळे, डस्टरसुद्धा. मग गावानं यायचं, उचलायचं, वाजवून बघायचं.

पहिल्या वर्षी लोक हसले. शेजारची सखूकाकी तोंडाची फटकळ. तिनं विचारलं, "बाई, रुखवत झ्याक हाय, पर नवरी कोन?"

"नवरी शाळा."

"आन आमी?"

"तुम्ही सासरची मंडळी. नावं ठेवा. त्यासाठीच मांडलंय."

आमच्या बाया नावं ठेवण्यात मागं हटत नाहीत. कुणी पातेल्याचं बूड वाजवून "ह्ये पातळ हाय, खिचडी करपंल" म्हणालं, कुणी बादलीची कडी हलवली. बाई सगळं ऐकून घेत. वस्तू बदलून मिळण्यासारखी असली तर मंचरच्या दुकानात परत जाई. पैसा वरून आला म्हणून तो वरच्यांचा होत नाही, तो या लेकरांचा आहे आणि त्याचा हिशोब इथंच द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. गुरुजी लोकांना एक गोष्ट त्या कायम बजावत, "गठ्ठा सोडून बघितल्याशिवाय सही करायची नाही."

आणि नेमकी तीच चूक एकदा त्यांच्या हातून झाली.

मार्चअखेर होती. पैसे खर्च झाले नाहीत तर परत जाणार, म्हणून सगळीकडे घाई. केंद्रातल्या सगळ्या शाळांसाठी बसकरपट्ट्या घ्यायच्या होत्या. बाईंनी स्वतः नमुना पसंत केला. चांगला जाड होता. माल आला तेव्हा गठ्ठे शिवलेले होते आणि आणखी चार ठिकाणी पोचायचं होतं. बाईंनी न उसवताच सही केली. पट्ट्या निघाल्या पातळ आणि कच्च्या रंगाच्या. जुलैत फरशीला ओल आली आणि पोरं घरी आली ती मागून लालभडक.

सखूकाकी नातवाला धरून शाळेत गेली. "बाई, पोरगं शाळंत धाडलं का शिमग्याला?"

मी तेव्हा सुरतेची नोकरी सोडून घरी आलो होतो. आई ग्रामशिक्षण समितीत होती, त्यामुळे पुढचं सगळं आमच्याच ओट्यावर घडलं. विस्तार अधिकारी म्हणून बढतीसाठी बाईंचं नाव वर गेलेलं होतं. गुरुजी बाईंना समजवायला आले होते.

"बाई, औंदा पट्ट्या मांडू नका. पाव्हणे तालुक्याचे हायेत. एकानं अर्ज केला तर बढती गेली तुमची. आपण गुपचूप बदलून घेऊ."

आईसुद्धा म्हणाली, "पोरांच्या चड्ड्या आमी धुतल्या बाई. इसरलो आमी."

बाईंनी चहा संपवला. "पातेलं पातळ निघालं तेव्हा तुम्ही गुरुजींना सगळ्यांसमोर बोललात. तेव्हा मी गुरुजींना झाकलं का?"

पंधरा ऑगस्टला बसकरपट्टी सगळ्यांत पुढं होती. समोर किंमत. शेजारी पाण्याचा तांब्या आणि पांढरा रुमाल. बाईंनी पाहुण्यांसमोर पट्टी भिजवली, रुमालानं पुसली आणि लाल झालेला रुमाल वर धरला. "ही खरेदी माझी. गठ्ठा न सोडता सही केली, तीही माझी. नावं ठेवा."

कुणी हसलं नाही. शेवटी सखूकाकीच पुढं झाली आणि म्हणाली, "बाई, पुढच्या बारीला आमाला बोलवा. गठ्ठं आमी उसवतो."

दुकानदारानं पट्ट्या बदलून दिल्या. पण अर्ज व्हायचा तो झालाच. चौकशी लागली, बढती थांबली. चौकशीत खोट निघाली नाही, पण तोवर ती जागा दुसऱ्याला मिळाली होती. बाई निवृत्त होईपर्यंत केंद्रप्रमुखच राहिल्या, एसटीनं आणि पायी फिरत.

आई एकदा हळहळून म्हणाली, "झाकलं असतं तर दारात जीप आली असती."

"आणि जीपमधून उतरून गुरुजींना काय सांगितलं असतं? गठ्ठा सोडा?" बाई हसल्या. आईला मात्र हसू आलं नाही.

बाईंच्या मायेबद्दल एकच सांगतो. मी एका जागी टिकणारा माणूस नाही. भोसरी, सुरत, मध्ये कुठं कुठं, आता कच्छमध्ये रस्त्याच्या कामावर. महिनोन् महिने फोन नसायचा. शाळेला भेट द्यायला आल्या की बाई आमच्या घरी डोकावायच्या. आई रडायला लागली की म्हणायच्या, "पळतोय तोवर धडधाकट आहे." मी गावी भेटलो तर पगार विचारला नाही, लग्नाचंही नाही. विचारायच्या एकच, "तिथं कपाटाची किल्ली कुणाकडं असते?" सध्या इथल्या भांडाराची किल्ली माझ्याकडे आहे. गठ्ठा सोडल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून ट्रकवाले मला शिव्या देतात.

आता बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. सत्काराला शाल-श्रीफळ असेलच. सत्कार समितीला माझी एक विनंती आहे. या वेळी बाईंना सासरच्या बाजूला, खुर्चीवर बसवा. ओट्यावर आम्ही उभे राहतो. ज्यांच्या चड्ड्या लाल झाल्या ती पोरं, गठ्ठे उसवणाऱ्या बाया, गुरुजी, सखूकाकी. रजा मिळाली तर मीही.

बाई, हे तुमच्या हातचं रुखवत. उलटून बघा, वाजवून बघा, काय पातळ राहिलंय ते सगळ्यांसमोर सांगा. काम लवकर उरकणारं नाही. तेव्हा गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा, आणि शंभरी ओलांडेपर्यंत आम्हाला नावं ठेवत राहा.