चुकीच्या कप्प्यातलं व्हायोलिन

सगळे त्यांना खरखरशेठ म्हणत. रेकॉर्डवर सुई टेकली की गाण्याआधी जी खरखर येते, ती ज्याला सोसत नाही त्याला शेठ रेकॉर्ड विकत नसत. असा बाणा असलेल्या माणसाचं दुकान जसं चालायला हवं, तसंच ते चाललं होतं. शेठ दिवसभर माशा मारत, आणि माशाही फारशा येत नसत.

नेमाने येणारे तिघंच: दातांचे डॉक्टर, गणिताचे मास्तर आणि कोपऱ्यावरचा शिंपी. तिघंही रेकॉर्डींचे पट्टीचे शौकीन, आणि तिघांना एकच खोड. आवडलेली रेकॉर्ड लगेच घ्यायची नाही. दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ती भलत्याच कप्प्यात दडवायची आणि दर शनिवारी येऊन जागेवर आहे ना, ते बघून जायचं. डॉक्टरांचं व्हायोलिन बालगीतांत होतं, मास्तरांची बासरी कवायतीच्या बँडमागे. शिंपी सगळ्यांत बेरकी. त्याने आपली रेकॉर्ड पुढाऱ्यांच्या भाषणांत खुपसली होती. तिथे कोण मरायला हात घालतोय? शेठना सगळं ठाऊक होतं, पण ते कानाडोळा करत. शनिवारची दुपार या तिघांशी हुज्जत घालण्यात गेली की त्यांचा आठवडा सार्थकी लागे.

शेवटी जागामालक म्हणाला, "शेठ, आता जागा सोडा. तुम्हाला परवडत नाही आणि मला बघवत नाही."

शेठनी हाय खाल्ली. शेठाणींनी मात्र कंबर कसली. एकूणएक कप्पा उपसून, पुसून त्यांनी रेकॉर्डी ओळीने लावल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या आणि गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायला शेठना बंदी केली. मग काय, लोकांना हवं ते सापडू लागलं, आणि सापडलं की ते विकत घेऊ लागले. धंद्याची ही युक्ती शेठना उभ्या जन्मात सुचली नव्हती.

शनिवारी डॉक्टर आले. बालगीतांत बालगीतंच होती.

"इथलं व्हायोलिन?"

"गेलं की परवाच," शेठाणी कौतुकाने म्हणाल्या. "एका मुलीने आल्या आल्या उचललं."

डॉक्टर कसनुसं हसले आणि गेले. मास्तरांची आणि शिंप्याचीही तीच गत झाली. पुढच्या शनिवारी तिघांपैकी कोणी फिरकलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. जागामालक म्हणाला, "राहा आता बिनघोर." दुकान वाचलं होतं, आणि शेठना त्यात करमेना.

शेवटी त्यांनी खटपट करून तेच व्हायोलिन दुसरीकडून मिळवलं आणि डॉक्टरांचं घर गाठलं.

"घ्या. पैसे नकोत. पण शनिवारी येत जा."

डॉक्टरांनी रेकॉर्ड उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "ही वाजवू कशावर? माझा प्लेअर बिघडून जमाना झाला."

"मग इतकी वर्षं लपवत कशाला होता?"

"विकत घेऊन टाकली असती, तर दर शनिवारी घरी काय सांगून बाहेर पडलो असतो?"

शेठना हसू आलं, आणि हसता हसता भरून आलं. आपणही तिथे विकायला बसत नव्हतो, हे त्यांना कळायला दुकान चालावं लागलं. तेवढ्यात शेठाणींचा फोन आला.

"अहो, आहात कुठे? गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"निघालोच," शेठ म्हणाले, आणि खुर्ची ओढून डॉक्टरांसमोर बसले.