रविवारचा वारा

वलगावच्या आमच्या शेतात फवारणी करायची की नाही, हे मी मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज बघून ठरवतो. वारा सुटला की औषध पिकावर पडायचं सोडून आपल्याच तोंडावर येतं. आजूबाजूचे शेतकरीही मला विचारल्याशिवाय पंप भरत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. मित्रांबरोबर तो गोव्याला शिडाच्या होडीतून फिरायला जाणार होता. "दादा, होडीवाला म्हणते दोन्ही दिवस चालतीन. तुले हवामानातलं समजते. शनिवारी जाऊ का रविवारी?"

माझ्या पोटात दुखलं. नोकरी त्याची, सुट्ट्या त्याच्या, आता समुद्रही त्याचाच. मी तुरीवरची अळी शोधत उन्हात फिरायचो आणि आई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या होडीचं सांगायची. अजून तो होडीत बसलाही नव्हता.

मी गोव्याचा अंदाज उघडला. शनिवारी पानही हलणार नव्हतं. रविवारी वारा इतका होता, की मी पंपाला हात लावला नसता. मी सांगितलं, "रविवारी जाय. एकदम मस्त हाये." त्याने दिवसभर होडीत ओकत बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी मात्र मला चैन पडेना. दर दहा मिनिटांनी अंदाज बघत होतो. दुपारी वारा आणखी वाढलेला दिसला. त्याला फोन लावला, तो लागेना. आईने विचारलं, "काहून रे, जेवला नाही?" तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "दादा, शनिवारी गेलेले लोक वाऱ्याची वाट पाहत एकाच जागी बसून होते. आमचं शीड असं भरलं म्हणून सांगू तुले. मी सगळ्यायले सांगितलं, दिवस आमच्या दादानं निवडला."

शिडाला वारा लागतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पोरगा सुखरूप आहे म्हणून जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा जळफळाट सुरू झाला. मी वाईट चिंतावं, तर तेही त्याच्याच पथ्यावर पडावं.

"पुढच्या महिन्यात परत जाऊन राहिलो," तो म्हणाला. "या खेपेले तू बी चाल, दादा. मी येतो तुले घ्याले."

मी म्हणालो, तुरीची फवारणी राहिली आहे. मला जायचं होतं. त्याने बोलावलं नसतं, तर निदान त्याचा राग तरी करता आला असता.